नामदेवकाका

दादरच्या प्रत्येक गल्लीत एक नामदेवकाका असतात. पाळण्यातलं नाव दुसरंच काहीतरी. नावांच्या मागे लागले म्हणून लोकांनी हे बहाल केलं. निवृत्तीनंतर इतर लोक गुडघे धरून बसतात, यांनी नावं धरली.

पोर्तुगीज चर्चच्या स्टॉपवर तुम्ही बसची वाट बघत असता. काका शेजारी येऊन उभे राहतात. "पोर्तुगीज चर्च हे आपण पाडलेलं नाव. मूळ नाव अवर लेडी ऑफ साल्व्हेशन. स्थापना 1596. आत्ताची इमारत चार्ल्स कोरियांची." बस येते आणि जाते, कारण तुमची बाही काकांच्या मुठीत असते.

पण काकांचं खरं प्रेम गाडगेबाबांच्या नावावर.

"संतांची नावं कशावरून पडतात? गावावरून, कुळावरून, नाहीतर धंद्यावरून. भांड्यावरून पडलेलं नाव दाखवा एक!" आपण दाखवू शकत नाही. मग डेबूजी झिंगराजी जाणोरकर, जन्म 1876, जिल्हा अमरावती, इथून गाडी सुटते. अंगावर चिंध्या, एका कानात कवडी, दुसऱ्यात फुटक्या बांगडीची काच, हातात खराटा आणि गाडगं. त्यातच खायचं आणि रिकामं झालं की तेच डोक्यावर पालथं घालायचं. हे सांगताना काकांनी एकदा स्वतःचा डबा डोक्यावर पालथा घालून दाखवला. आत बटाट्याची रस्साभाजी उरली होती. पुढची वीस मिनिटं ते रस्सा पुसत बोलले, थांबले मात्र नाहीत.

साहित्याचा पुरावाही खिशात तयार. प्रबोधनकार ठाकऱ्यांनी बाबांचं चरित्र लिहिलं, आणि प्रबोधनकार म्हणजे दादरचे, म्हणजे जवळजवळ काकांचे शेजारी. गो. नी. दांडेकर तर पोरवयात बाबांबरोबर हिंडले. मग वास्तू. ज्याच्या नावावर एक मडकं, त्याने घाट आणि धर्मशाळा बांधल्या आणि कुणाला शिष्य म्हणवून घेतलं नाही. पंढरपूरच्या धर्मशाळेला नाव दिलं चोखामेळ्याचं आणि पुढे ती बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देऊन टाकली. इथे काकांचा आवाज खरोखर भरून येतो; तेवढ्यापुरती आपली बाहीही सुटते. (पळायचं असेल तर हीच वेळ.)

टॅक्सीत बसले की काका तत्त्वाला चिकटतात. "संत गाडगे महाराज चौक."

ड्रायव्हर गप्प.

"जेकब सर्कल म्हणायचे पूर्वी."

तरीही गप्प.

"अहो, मोनोरेलच्या स्टेशनलासुद्धा हेच नाव आहे!"

शेवटी काका पडेल आवाजात "सात रस्ता" म्हणतात आणि मीटर पडतो. उतरेपर्यंत चेहरा असा, की जणू बाबांचा अपमान यांनी स्वतःच्या तोंडाने केला.

काकांना नावं सगळी माहीत, जागा मात्र एकही नाही. परवा स्टॉपवर एक बाई आणि तिचा मुलगा आले. मुलाच्या काखेत टाटा हॉस्पिटलची फाइल. "गाडगे महाराज धर्मशाळा कुठी हाये, काका?"

काकांचा चेहरा उजळला. "धर्मशाळा विचारताय, पण नाव कसं पडलं ठाऊक आहे? विदर्भात शेणगाव म्हणून एक गाव..."

"शेंडगाव," बाई म्हणाली. "आमच्याच जिल्ह्यातलं हाये."

"शेणगाव. मी वाचलंय."

"माहं माहेर हाये तिथलं बाजूचं."

असा प्रसंग काकांवर पहिल्यांदाच आला. बाई पुढे बोलत राहिली: बाबा वलगावजवळ गेले तेव्हा तिचा आजा तिथवर चालत गेला होता, अमरावतीच्या समाधीला ती दर वर्षी जाते. काका ऐकत होते! अख्ख्या दादरने हे दृश्य कधी पाहिलं नव्हतं. मुलगा मात्र फाइल या काखेतून त्या काखेत करत होता. त्याने तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा काकांनी एक हात शिवाजी पार्ककडे केला आणि दुसरा प्रभादेवीकडे. वडापाववाल्याने झारा न ठेवताच सांगितलं, "पूल ओलांडा, पूर्वेला उतरा, तिथे कुणालाही विचारा."

तेव्हापासून कुणी पत्ता विचारला की काका आधी विचारतात, "आपण अमरावती जिल्ह्यातल्या का?" नाही म्हटलं की मूठ बाहीवर येते.