कज्ज्याचं वय काय?

भांडणाचे समानार्थी शब्द विचारले की शाळेतली पोरं धडाधड सांगतात: तंटा, बखेडा, कज्जा, दावा. खान्देशात या उत्तराचे गुण कापायला हवेत. इथे हे शब्द समानार्थी नाहीत, भांडणाच्या वयाप्रमाणे लागतात.

शेजाऱ्याने नांगरताना बांधातलं एक तास आपल्याकडे ओढलं, की ती कुरबुर. पुढच्या वैशाखात दुसरं तास गेलं, की भांडण. गाव जमलं, की तंटा. वकील लागला, की दावा. वादी वारला आणि मुलगा वारस म्हणून उभा राहिला, की कज्जा. त्याच्या पुढे शब्द संपतात. मग नुसतं घोंगडं भिजत पडतं. यातला कज्जा अरबी, दावाही अरबी, फिर्याद फारशी. भाऊबंदकी तेवढी घरची!

इंग्रजांनी 1906 मध्ये अख्ख्या खान्देशाचे पूर्व-पश्चिम असे दोन वाटे केले. जळगाव इकडे, धुळे तिकडे. बोरी नदीकाठच्या दीड एकराचे वाटे मात्र तीन पिढ्यांत पडत नाहीत. सरकारने हातपाय हलवले नाहीत असं नाही. 15 ऑगस्ट 2007 ला तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. गावोगाव समित्या आल्या आणि अध्यक्ष कोण, यावरून ग्रामसभेत तंटे झाले. 2023 मध्ये सलोखा योजना आली. एकमेकांच्या ताब्यातल्या जमिनींची अदलाबदल करा, मुद्रांक 1000 रुपये, नोंदणी 1000 रुपये. मुख्य अट: ताबा किमान 12 वर्षांचा हवा. कोवळ्या भांडणाला सवलत नाही.

परवा एसटीत दोन म्हातारे एकाच बाकावर. दोघेही पंचाहत्तरीपुढचे, म्हणून तिकीट फुकट. मांडीवर सातबाऱ्यांच्या पिशव्या, तंबाखूची डबी एकच. एक वादी, दुसरा प्रतिवादी.

"काय झालं, आप्पा?"

"तारीख भेटनी!" केळीला भाव मिळाल्यासारखा चेहरा.

मी सलोख्याचं सांगितलं. दोघांनी माना डोलावल्या. हजार-हजारात सुटका!

"ताबाले अकरा वरीस व्हयनात," आप्पा म्हणाले.

"तेरा!" शेजारचे उसळले.

डबी खिशात गेली. आता पुढची तारीख या दोन वर्षांसाठी.