पिवळ्या रेघेचा इंजिनियर

मोटारसायकली बनवणाऱ्या कंपनीत नुकताच रुजू झालेला इंजिनियर वाचकांच्या परिचयाचा आहे, असे गृहीत धरण्यास हरकत नाही. कारण ज्या घरात तो नाही त्या घराच्या शेजारी तो असतो, आणि शेजारीही नसला तर रविवारी सकाळी दुसऱ्या कुणाच्या गाडीपाशी उकिडवा बसून तिच्या मागच्या चाकाच्या नटाकडे टक लावून पाहताना तो हमखास आढळतो. त्याचे ओळखपत्र बाजाराच्या दिवशी, जत्रेत आणि प्रसंगी सावडण्यालाही गळ्यातच असते. बोटांवर अवजड वस्तू पडली तरी ती शाबूत राहावीत म्हणून टोकाला पोलादी कवच बसवलेले त्याचे सेफ्टी शूज तो देवळाच्या पायरीशी काढतो खरे, परंतु नंतरचा सारा काळ हात देवाला जोडलेले आणि नजर बुटांवर, अशा स्थितीत काढतो.

या इंजिनियराच्या अभ्यासाला पणदरे हे गाव विशेष सोयीचे आहे. बारामतीहून नीरेकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे आणि नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर ऊस पिकवणारे हे गाव ज्या मुलखात मोडते, त्या मुलखाला यंत्राची ओळख प्रथम साखरेने करून दिली. पलीकडे इंदापूर तालुक्यात वालचंद हिराचंद यांनी १९३० च्या दशकात वसवलेल्या वालचंदनगराने उसाच्या चरकापासून आरंभ करून पुढे अणुभट्ट्यांचे आणि अंतराळ-प्रक्षेपकांचे भाग घडवण्यापर्यंत मजल मारली, तर अलीकडे माळेगावच्या सहकारी साखर कारखान्याने फिटर, वेल्डर आणि बॉयलर सांभाळणारे कामगार यांच्या पिढ्या पोसल्या. त्यानंतर बारामतीच्या औद्योगिक वसाहतीत इटलीची पियाजिओ कंपनी आली. तिने १९९० च्या दशकाच्या अखेरीस तीनचाकी रिक्षा, २०१२ पासून व्हेस्पा स्कूटर आणि अलीकडे दोन सिलिंडरांची एप्रिलिया आरएस ४५७ ही मोटारसायकल बारामतीतच बनवण्यास घेतली. याच पियाजिओच्या परवान्याने १९६० च्या दशकात बजाजने व्हेस्पा बनवल्या होत्या आणि १९७१ साली तो करार संपल्यावर 'चेतक' बाजारात आणली होती. आता बारामतीच्या विद्या प्रतिष्ठानच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाला कमलनयन बजाज यांचे नाव आहे आणि त्याच गावाच्या औद्योगिक वसाहतीत व्हेस्पा बनते. हा योगायोग नवा इंजिनियर प्रत्येक पंगतीत सांगतो. व्हेस्पाचा आराखडा करणारे कोर्रादिनो दास्कानिओ हे मुळात हेलिकॉप्टरचे अभियंते होते आणि त्यांना मोटारसायकली मुळीच आवडत नसत, हेही तो सांगतो. मात्र तोवर वाढपी जिलेबी घेऊन पुढच्या रांगेत गेलेला असतो.

त्याची नोकरी बारामतीत असो, चाकणला असो की वाळूजला, तिचा पहिला टप्पा 'जीईटी' या तीन अक्षरांचा असतो. जीईटी म्हणजे ग्रॅज्युएट इंजिनियर ट्रेनी, म्हणजेच पदवी मिळालेला पण अजून पुरता विश्वास न मिळालेला उमेदवार, ज्याला साधारण वर्षभर पारखून मगच नोकरीत कायम केले जाते. हा तपशील गावाला कळवण्यात येत नाही. गावाच्या लेखी पोरगा पहिल्या दिवसापासून 'साहेब' असतो, आणि साहेबाला ते खोडून काढण्याचे कारण दिसत नाही. या काळात तो जपानी कारखान्यांतून जगभर पसरलेली एक पद्धत शिकतो. कोणताही दोष दिसला की पाच वेळा 'का' विचारून मुळाशी जायचे, असे त्या पद्धतीचे स्वरूप असून तिचा घरातील पहिला प्रयोग उतू गेलेल्या दुधावर होतो. चौथ्या 'का'पर्यंत आई शांतपणे उत्तरे देते, आणि पाचव्याला "तू हितं का का करत उभा ऱ्हायलास म्हनून" असे मूळ कारण निष्पन्न होऊन चौकशी बंद होते.

परंतु ही किरकोळ लक्षणे झाली. त्याचे खरे, अढळ आणि असाध्य लक्षण म्हणजे टॉर्क. टॉर्क म्हणजे पिळण्याचा जोर. एक मीटर लांबीच्या पान्याच्या टोकाला एक न्यूटन बल लावले असता जो पीळ बसतो त्याला एक न्यूटन-मीटर म्हणतात, आणि मोटारसायकलीच्या प्रत्येक महत्त्वाच्या नट-बोल्टाला तो किती द्यावा हे ठरलेले असते. स्पार्क प्लगला पंधरा-वीस न्यूटन-मीटर पुरतात, तर मागच्या चाकाच्या नटाला त्याच्या पाच-सहा पट लागतात. कमी पडला तर नट रस्त्यात सुटतो, जास्त झाला तर आटे मरतात किंवा बोल्ट ताणून तुटतो. ठरलेला टॉर्क पुरा होताच 'कट्' असा आवाज करणारा पाना त्यासाठी वापरतात, आणि तो आवाज झाला की कामगार रंगाच्या पेनाने नटावरून शेजारच्या पत्र्यावर उतरणारी एक सरळ पिवळी रेघ ओढतो. पुढे नट किंचित जरी फिरला तरी रेघेचे दोन तुकडे एकमेकांपासून सरकतात, आणि नट ढिला झाल्याचे हात न लावता नुसत्या नजरेला कळते. कल्पना इतकी साधी आणि इतकी निर्दोष आहे की बावीस वर्षांच्या मुलाच्या हाती ती देणे धोक्याचे ठरते.

पहिल्या पगारात आईला साडी घेण्याची रीत तो पाळतो, मात्र उरलेल्या पैशांत टॉर्कचा पाना आणि पिवळ्या रंगाची पेने आणतो. त्या आठवड्यात कुकरच्या दांड्याचा स्क्रू, पंख्याची टांगणी, दाराच्या बिजागऱ्या आणि आबांच्या लोखंडी खाटेचे सर्व बोल्ट यांवर रेघा उमटतात. आजीच्या चष्म्याच्या काडीचा स्क्रू वारंवार सैल होत असल्याने त्यावरही एक बारीक रेघ येते, आणि पुढचा महिनाभर आजी बारामतीच्या डोळ्यांच्या डॉक्टरला डाव्या कोपऱ्यात कायम काहीतरी पिवळे दिसत असल्याचे सांगत राहते. डॉक्टर मोतीबिंदू तपासतो, मग मधुमेह तपासतो, आणि तिसऱ्या खेपेस चष्मा पुसायला हातात घेतो तेव्हा रोगाचे निदान होते.

शेतीचाही अपवाद होत नाही. कालव्याचे आवर्तन चालू आहे, म्हणजे ठरलेल्या पाळीने कालव्याला पाणी सुटले आहे, शेतीची थ्री-फेज वीज रात्रीची आहे, आणि अशा वेळी विहिरीवरची मोटर चालते पण पाणी चढत नाही, असा प्रसंग आला असता चुलते साहजिकच घरच्या इंजिनियराला उठवतात. तो बॅटरी घेऊन विहिरीवर जातो, मोटरीच्या पायाचे चारही बोल्ट वाकून न्याहाळतो, चारही रेघा अखंड असल्याचे समाधानाने जाहीर करतो आणि मोटर तांत्रिकदृष्ट्या निर्दोष असल्याचा निर्वाळा देतो. "बोल्ट हललं न्हाईत, ते खरं हाय," चुलते म्हणतात, "पर पानीबी हललं न्हाई." शेवटी सालगडी फुटव्हॉल्व्ह, म्हणजे पाणी ओढणाऱ्या पाइपाच्या तळाची एकेरी झडप, वर काढून तिच्यात अडकलेला पालापाचोळा उपसतो. फुटव्हॉल्व्हला बोल्ट असतात. दुसऱ्या दिवशी त्यांनाही रेघा येतात आणि त्या पाण्याखाली जातात, जिथे त्या कुणालाही दिसणार नसतात.

रेघेचे तत्त्व घरातल्या इतरांनाही पटत नाही असे नाही. दिवाळीत आई लाडवांच्या डब्याच्या झाकणावरून डब्यावर उतरणारी एक पिवळी रेघ ओढून ठेवते, आणि तिसऱ्या दिवशी ती सरकलेली आढळते. या पद्धतीने पणदऱ्यात उघडकीस आलेला पहिला गुन्हेगार खुद्द इंजिनियर असतो.

त्याचा खरा सामना मात्र स्टँडजवळच्या गॅरेजमधील मिस्त्रीशी होतो. मिस्त्री शाळेत फारसा गेलेला नसतो, आटे बसवताना त्यांना तेल लावतो आणि नट मुठीच्या अंदाजाने आवळतो. या तिन्ही गोष्टी इंजिनियराला खटकतात, आणि तेलाच्या बाबतीत त्याच्या बाजूने शास्त्रही आहे. आपण लावलेल्या टॉर्कपैकी सुमारे नव्वद टक्के जोर नटाखालचे आणि आट्यांमधले घर्षण खाऊन टाकते, जेमतेम दहावा हिस्सा बोल्टला ताण देण्यास उरतो. म्हणून आटे तेलकट झाले की घर्षण घटते आणि तेवढ्याच टॉर्कला बोल्ट ठरल्यापेक्षा कितीतरी अधिक ताणला जातो. हे सारे तो गॅरेजपुढच्या बाकावर बसून समजावतो. मिस्त्री ऐकून घेतो, आणि एका मोटारसायकलीचा मागचा नट आवळून "बघा मोजून" म्हणतो. इंजिनियर मोजतो. आकडा ठरलेल्या मर्यादेत असतो. दुसरी गाडी, तेल लावलेला नट. मिस्त्रीचा हात आपोआप थोडा आधी थांबलेला असतो. तिसऱ्या गाडीनंतर इंजिनियर पाना पेटीत ठेवतो आणि आपल्या शास्त्राला एकच दिलासा शोधतो. प्रत्येक मोजणाऱ्या साधनाची ठराविक मुदतीने प्रमाण साधनाशी तुलना करून ते खरे मोजते की नाही हे पडताळावे लागते, या क्रियेला कॅलिब्रेशन म्हणतात, आणि मिस्त्रीच्या हाताचे कॅलिब्रेशन कधी झाले, असा प्रश्न तो विचारतो. "एकदाच झालं," मिस्त्री सांगतो, "उस्तादानं पाना फेकून मारला तवा." त्या दिवसापासून इंजिनियर आपली गाडी कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरात न नेता तिथे देतो, फक्त रेघ स्वतः ओढतो.

वर्ष सरत येते तसा लग्नाचा विषय निघतो, आणि इथे या विनोदी विषयाला थोडी कडवट चव येते. ज्या गावात बारमाही पाण्याची बारा एकर बागायत असलेल्या मुलाला मुलगी मिळेना, त्याच गावात भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या, महिन्याच्या वीस तारखेला बापाकडून पैसे मागवणाऱ्या या साहेबाला स्थळांची रांग लागते. त्याची फी ज्या उसाच्या बिलातून भरली गेली, तो ऊस पिकवणारा थोरला भाऊ पस्तिशीला आलेला असतो आणि पाहुण्यांना चहा देत असतो. पाहुणे त्याच्याकडे पाहत नाहीत. ते 'पॅकेज' विचारतात. थोरल्याने या गोष्टीवर कधी एक अक्षर काढल्याचे ऐकिवात नाही, मात्र धाकट्याच्या हळदीला त्यानेच पुढे होऊन धाकट्याच्या मानेवरून खांद्यावर उतरणारी एक सरळ पिवळी रेघ बोटाने ओढली आणि "आता ढिला पडलास तर लांबनं कळंल" असे बजावले, तेव्हा मांडव हसला आणि नवरदेवाने मान खाली घातली.

या इंजिनियराविषयी काही बरे लिहिणे भाग आहे, आणि ते इतका वेळ टाळले गेले आहे. असेंब्ली लाइनवर, म्हणजे गाडीचा सांगाडा एका टोकाला शिरून ठरावीक सेकंदांच्या मुक्कामांनी पुढे सरकत दुसऱ्या टोकाला पुरी गाडी होऊन उतरते त्या पट्ट्यावर, एका मुक्कामाची जबाबदारी त्याच्याकडे असते. पट्टा थांबवण्याची दोरी ओढली की वरिष्ठांचे तीन फोन येतात हे ठाऊक असूनही, एका शंकास्पद नटासाठी ती ओढणारा तोच असतो. उतरून गेलेल्या गाड्या पुढे कुणाच्या घरी गेल्या, त्यांवर कोण बसते, तीन माणसे आणि दुधाच्या किटल्या घेऊन त्या नीरा रस्त्याच्या खड्ड्यांतून कशा जातात, या विचाराने त्याची झोप खरोखर उडते. आणि मिस्त्रीपासून आजीपर्यंत साऱ्यांनी थट्टा केलेली ती रेघ हा त्या धास्तीवर त्याला सापडलेला एकमेव उतारा असतो.

म्हणूनच पेट्रोल पंपावर आपल्या कंपनीची नवी मोटारसायकल दिसताच तो रांग सोडून तिच्या मागे उकिडवा बसतो. मालक दचकतो. गळ्यात ओळखपत्र घातलेला तरुण न विचारता गाडीची तपासणी करतो याचा ग्रामीण महाराष्ट्रात एकच अर्थ होतो, म्हणून तो घाईघाईने, "सायेब, ह्या म्हैन्याचा हप्ता भरलाय की," असे सांगून खिशात पावती शोधू लागतो. इंजिनियराचे तिकडे लक्ष नसते. रेघ अखंड आहे, एवढ्यावर त्याचे समाधान व्हायला हवे होते, पण ती उलट्या बाजूला कललेली आहे हे त्याच्या ध्यानात येते. आणि त्याच्या मुक्कामावर डाव्या हाताने रेघ ओढणारा एकच मुलगा होता, इंदापूरकडचा, कंत्राटी, ज्याची मुदत संपल्यावर जागा दुसऱ्या मुलाला दिली गेली आणि जो सध्या कारखान्याच्या हंगामात उसाचा ट्रॅक्टर चालवतो. इंजिनियर मोबाइलवर त्या रेघेचा फोटो काढतो आणि 'तुझी रेघ, जशीच्या तशी' एवढे लिहून त्याला पाठवतो. रात्री उशिरा, बहुधा कारखान्याच्या गव्हाणीपुढील ट्रॅक्टरांच्या रांगेतून, उत्तर येते: 'भारी साहेब. परत भरती निघणार हाय का?' साहेब बराच वेळ काही लिहितो आणि खोडतो, अखेर 'चौकशी करतो' असे पाठवतो. त्याला स्वतःला कायम केल्याचे पत्र अजून आलेले नाही, हे मात्र तो कळवत नाही.