माह्या गाडीले असंच झालं होतं

पातूरजवळ महामार्गाच्या कडेला एखादी चारचाकी बोनेट उघडून उभी राहिली, की भाऊ तिथे हजर होतात. त्यांना कुणी बोलावलेलं नसतं. चालक मोबाइलवर मिस्त्रीचा नंबर शोधत असतो, बायको-पोरं बाभळीच्या सावलीत उभी असतात, आणि भाऊ मात्र इंजिनात डोकं घालून उभे. हात मागे बांधलेले, गालात खर्रा, नजर परीक्षकाची. मग मान बाहेर काढून ते पहिलं वाक्य बोलतात. ते वाक्य वर्षानुवर्षं बदललेलं नाही : "माह्या गाडीले असंच झालं होतं."

भाऊ मिस्त्री नव्हेत. कुणी भाऊ कृषी केंद्र चालवतात, कुणी शाळेतून निवृत्त झालेले असतात, कुणाची संत्र्याची बाग असते. भाऊ होण्याची पात्रता एवढीच, की स्वतःची गाडी असावी आणि ती निदान एकदा तरी भर रस्त्यात बंद पडलेली असावी.

असा गृहस्थ महाराष्ट्रात कुठेही भेटतो. पण पातूरने त्याला जो सराव दिला तो सपाट मुलखातल्या गावाला देता आला नसता. अकोल्याहून निघून वाशीम, हिंगोली, नांदेड, देगलूर करत तेलंगणातल्या संगारेड्डीला जाणारा राष्ट्रीय महामार्ग १६१ तीस-पस्तीस किलोमीटर सपाटीतून येतो आणि पातूर ओलांडलं की घाटाला लागतो. पूर्णेच्या खोऱ्यातला पयनघाट खाली राहतो, वरचा बालाघाट सुरू होतो. त्यात वऱ्हाडचा उन्हाळा. अकोल्यात पारा पंचेचाळिशी ओलांडतो, तेव्हा घाट चढणाऱ्या गाडीचं इंजिन तापतं आणि घाट उतरून आलेल्या गाडीचे ब्रेक वास मारतात.

त्यामुळे भाऊंचं निम्मं निदान नंबरप्लेटवरच होतं. एमएच ३० आणि तोंड वाशीमकडे, म्हणजे रेडिएटर. एमएच ३७ किंवा नांदेडची एमएच २६ आणि तोंड अकोल्याकडे, म्हणजे ब्रेक. बोनेट उघडायची गरजच नाही. ते उघडतात ते केवळ शिष्टाचार म्हणून.

ब्रेकच्या बाबतीत भाऊंचा शब्द प्रमाण मानायला हरकत नाही. "ज्या गियरात चढते त्याच गियरात उतरव न बाप्पा, पायानं किती रोकशील?" हे ते सांगतात त्यामागे पक्कं शास्त्र आहे. डॉट-३ जातीचं नवं ब्रेक ऑइल २०५ अंशांच्या वर उकळतं. पण हे ऑइल हवेतला ओलावा शोषत राहतं, आणि पुरेसं पाणी मुरलं की तोच आकडा १४०च्या आसपास उतरतो. घाटभर पेडल दाबून ठेवलं की ऑइलला उकळी फुटते, नळीत वाफ होते, आणि वाफ दाबली जात असल्यामुळे पाय नुसताच खाली जातो. म्हणून तर दर दोन वर्षांनी ब्रेक ऑइल बदलायला सांगतात. हे दुसरं वाक्य भाऊ सांगत नाहीत, कारण त्यांनी स्वतःच ते कधी बदललेलं नाही.

त्यांचं सारं ज्ञान ज्या गाडीवर उभं आहे ती म्हणजे कार्बोरेटरवाली, सेकंडहँड मारुती ८००. १४ डिसेंबर १९८३ रोजी इंदिरा गांधींच्या हस्ते त्या मॉडेलच्या पहिल्या ग्राहकाला किल्ली मिळाली. २०१४ साली उत्पादन थांबलं. भाऊंच्या लेखी ते अजून सुरू आहे. ७९६ सीसी, तीन सिलिंडर, आणि काहीही झालं तरी चोक ओढा, प्लग पुसा, सेल्फ मारा. त्याआधी घरात फियाट होती, तिची आठवण तर आणखी हळवी : उन्हात पेट्रोलची वाफ होऊन पंप अडला, की पंपावर ओलं फडकं ठेवायचं आणि रसवंतीत बसायचं. फडकं वाळेपर्यंत गाडी सुरू. हा उपाय त्या काळात अचूक होता. आज पेट्रोलचा पंप टाकीच्या आत, पेट्रोलमध्ये बुडालेला असतो. तरी भाऊ फडकं भिजवून तयार असतात आणि ते ठेवायला जागा शोधत राहतात.

भाऊ एकटे कधीच नसतात. त्यांच्या मागोमाग पानठेल्यावरून मंडळ येतं. त्यात एक निवृत्त गुरुजी : यांच्या गाडीत एक वही असते आणि तिच्यात डिझेलचा प्रत्येक थेंब नोंदलेला असतो. एक बोलेरोवाले : यांच्या मते बोलेरो सोडून कोणतीही गाडी घेतली हाच मूळ दोष. एक ट्रॅक्टरवाले काका : सगळ्या आजारांना ग्रीस. आणि एक पोरगा, अकोल्याला इंजिनिअरिंग शिकलेला. त्याच्या खिशात स्टिअरिंगखालच्या सॉकेटला लावायचा ब्लूटूथ स्कॅनर.

समजा गाडी तापली आहे. "हीट होऊन राह्यली," एवढंच मालक म्हणतो आणि मंडळाला कंठ फुटतो.

"थर्मोस्टॅट काढून फेका. आपल्या इकडं त्याचं कायचं काम? थो थंड मुलखासाठी असते."

"कूलंटपेक्षा साधं पानी चांगलं. बोअरचं टाका."

"बोलेरो कधी हीट होत नाई."

यातला पहिला सल्ला वऱ्हाडात अनेकांनी अमलात आणलेला आहे. थर्मोस्टॅट साधारण ऐंशी-नव्वद अंशांच्या दरम्यान उघडतो आणि इंजिनाला नेमक्या तापमानावर ठेवतो. तो काढला की इंजिन नीट गरमच होत नाही, संगणक समजतो गाडी थंड आहे आणि जास्त पेट्रोल सोडत बसतो. काही इंजिनांत तर उलटा परिणाम होतो : पाण्याला रेडिएटर टाळून जायची वाट मोकळी मिळते आणि गाडी आणखी तापते. अ‍ॅव्हरेज पडल्याची नोंद गुरुजींच्या वहीत दोन महिन्यांनी दिसते, पण तोवर थर्मोस्टॅट काढायला सांगणारा दुसऱ्या गाडीत डोकं घालून उभा असतो.

दुसरा सल्ला तर अकोल्याच्या मातीला न शोभणारा. पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा साऱ्या विदर्भाला ठाऊक. तिथलं बोअरचं पाणी माणसाला पिववत नाही आणि पिकाला सोसवत नाही, ते रेडिएटरला बरं कसं सोसावं? क्षारांची पापडी नळ्यांत साचते, लोखंडाला गंज चढतो. निम्मं कूलंट आणि निम्मं शुद्ध पाणी या मिश्रणाला १०७ अंशांच्या आसपास उकळी येते. त्यावर झाकणाचा दाब बसला की ती मर्यादा आणखी वर जाते. म्हणजे पाच-सातशे रुपयांचं झाकण सैल झालं तरी गाडी उकळते. पण झाकण हा दोष भाऊंना कमीपणाचा वाटतो. एवढा मोठा घाट, एवढं ऊन, एवढी माणसं जमलेली, आणि कारण काय, तर झाकण?

आवाजाच्या प्रांतात मात्र भाऊंना तोड नाही. मालक म्हणतो, "आवाज येते." भाऊ विचारतात, "कसा?" मग मालक लाजत लाजत तोंडाने आवाज काढतो आणि भाऊ तो दुरुस्त करून पुन्हा काढून दाखवतात. वळताना स्टिअरिंग पूर्ण फिरवल्यावर 'कट-कट-कट' : एक्सलचा जॉइंट. स्पीडब्रेकरवर 'खडक' : लिंक रॉड नाहीतर लोअर आर्मचं बुश. वेगाबरोबर चढत जाणारं 'घूंऽऽ' : चाकाचं बेअरिंग. सकाळी पहिल्या सेल्फला 'चींऽऽ' आणि मग शांत : अल्टरनेटरचा पट्टा. हे सगळं बहुतेक वेळा बरोबर असतं. अमेरिकेत टॉम आणि रे मॅग्लिओझी या दोन भावांनी याच कलेवर रेडिओचा कार्यक्रम चालवला. १९७७ साली बोस्टनच्या स्थानिक केंद्रावर सुरू झालेला 'कार टॉक' पुढे देशभर गेला आणि २०१२पर्यंत नवे भाग होत राहिले. फोन करणाऱ्यांना ते गाडीचा आवाज तोंडाने काढायला लावत. दोघेही एमआयटीचे पदवीधर होते. आमचे भाऊ बारावी आहेत, पण 'खडक' आणि 'खटक' यांतला फरक त्यांना जास्त कळतो.

नव्या गाड्यांनी भाऊंना अडचणीत आणलं असं स्कॅनरवाल्या पोराला वाटतं. एकदा का त्याने यंत्र लावलं, की मोबाइलवर आकडा येतो : पी-०११८. इंजिनाच्या तापमानाचा सेन्सर. गाडी थंड असली तरी पंखा सुरूच, सुरू व्हायला त्रास. पोरगा जाहीर करतो, "सेन्सर बदला." भाऊ ऐकतात, खर्रा थुंकतात, बोनेटात वाकतात आणि सेन्सरकडे जाणारी तुटकी वायर दोन बोटांत धरून वर करतात. उंदीर! कोड सांगतो तो सर्किटचा दोष, पार्टचा नव्हे. वायर तुटली तरी कोड तोच येतो. हिवाळ्यात शेतातलं धान्य घरात आलं की उंदीरही येतो आणि त्याला ऊबदार इंजिन आवडतं. वायर जोडून वर टेप लावली की काम झालं. या विजयानंतर भाऊ तंबाखूची पुरचुंडी बोनेटात बांधायचा उपाय सांगतात. तिने उंदीर जातो की नाही यावर मंडळात एकमत नाही. बोनेट उघडणाऱ्या मिस्त्रीला तल्लफ येते, यावर आहे.

खरी पंचाईत बीएस-६ने केली. १ एप्रिल २०२०पासून देशभर धुराचे हे निकष लागू झाले आणि काही डिझेल गाड्यांना एक नवीच बाटली पाजावी लागू लागली.

"गाडीले युरिया लागते म्हने, भाऊ."

"मंग? दुकानात पोतं हाय न. पान्यात इरघळव."

कृषी केंद्रवाले भाऊ हे सांगतात तेव्हा त्यात धंद्याचा भाग किती आणि विज्ञानाचा किती, हे सांगणं कठीण. गाडीचं द्रावण म्हणजे ३२.५ टक्के शुद्ध युरिया आणि बाकी क्षार काढलेलं पाणी. शेतातल्या युरियाला मात्र २०१५पासून कडुनिंबाच्या तेलाचा लेप सक्तीचा आहे. तो कपाशीला मानवतो. धुराच्या नळीतल्या महागड्या जाळीला आणि पिचकारीला मानवत नाही. असं पोत्यातलं पाणी एकदा आत गेलं, की पुढचं बिल पाहून मालक पोतंच काय, भाऊंनाही ओळखत नाही.

पण याच बीएस-६ने भाऊंना एक मोठा मानही परत दिला. पूर्वीपासून त्यांचा एक रामबाण सल्ला होता. पिकअप नाही, धूर येतो, इंजिन जड वाटतं, तक्रार कोणतीही असो : "अकोल्याले एक चक्कर मारून ये. लांब पयली की मोकळी होते." लोक हसत. पण नव्या डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरमध्ये काजळी अडवणारी गाळणी असते. गावातल्या गावात, बाजार ते घर अशी गाडी फिरवली की गाळणी तुंबते आणि डॅशबोर्डवर दिवा लागतो. दिवा लागल्यावर करायचं काय, तर मोकळ्या रस्त्यावर सलग वीसेक मिनिटं बऱ्या वेगाने चालवायची, म्हणजे आतली काजळी जळते. कंपनीच्या पुस्तकात हेच लिहिलं आहे. फक्त अकोल्याचं नाव नाही.

भाऊंच्या सल्ल्याचा हिशेब मात्र कुणी ठेवत नाही, गुरुजीसुद्धा नाहीत. गाडी सुरू होत नाही म्हणून पहिल्या भाऊंच्या सांगण्यावरून बॅटरी येते, दुसऱ्यांच्या सांगण्यावरून सेल्फची मोटर खोलली जाते, तिसरे भाऊ टर्मिनल हलवून बघतात आणि गाडी सुरू होते. पांढऱ्या-हिरव्या बुरशीने टर्मिनल धरलं होतं. खाण्याचा सोडा घातलेलं गरम पाणी ओतलं की ती निघते. श्रेय तिसऱ्यांना मिळतं, खर्च मालकाला, आणि पहिले भाऊ म्हणतात, "मी तेच म्हनत होतो, करंटचाच लफडा हाय." साध्या मीटरने मोजलं असतं तर आधीच कळलं असतं : भरलेली बॅटरी बंद गाडीत १२.६ व्होल्ट दाखवते, गाडी सुरू असताना साडेतेरा ते साडेचौदा. मीटर नसेल तर हेडलाइट लावून सेल्फ मारावा. लाइट मंद पडले तर बॅटरी किंवा तिची जोडणी कच्ची. लाइट तसेच आणि नुसती 'टक' झाली तर सेल्फकडे बघावं. ही चाचणीही भाऊंनाच येते. करत नाहीत, कारण तिने वाद लवकर संपतो.

तेव्हा भाऊंचा निकाल असा लागतो : वैद्य म्हणून अर्धे, पण रोग्याची हकिकत काढून घेण्यात पूर्ण. आवाज चढावर येतो की उतारावर, सकाळी की गरम झाल्यावर, एसी लावल्यावर की बंद असताना, हे प्रश्न ते मालकाला इतक्या वेळा विचारतात, की मिस्त्री येईपर्यंत मालकाला आपली गाडी पहिल्यांदाच नीट कळलेली असते. गॅरेजच्या गल्ल्यावरचा पोरगा घाईत हे विचारत नाही, स्कॅनर तर विचारूच शकत नाही.

पातूरच्या घाटाखाली तुमची गाडी थांबली, तर भाऊंना बोनेटाजवळ जागा द्या. त्यांच्या सगळ्या प्रश्नांना उत्तरं द्या, कॅन्टीनमधून चहाही सांगा. पार्ट बदलायचा सल्ला मिळाला तर मात्र गाडी मिस्त्रीला दाखवल्याशिवाय पैसे काढू नका. आणि तापलेल्या इंजिनाच्या रेडिएटरचं झाकण निदान अर्धा तास कुणालाही उघडू देऊ नका, भाऊ ओलं फडकं घेऊन पुढे आले तरी.