आमची जंतूवाली

डोंबिवलीत आई शेजाऱ्यांना सांगते, ‘धाकटी लंडनला जंतूंवर संशोधन करते.’ यातलं लंडन खरं आहे. बाकी मी इस्पितळाच्या तळघरात लोकांची लघवी तपासते. सोमवारी सकाळी लाल बुचांच्या नळ्यांचे ट्रेवर ट्रे येऊन पडतात, तेव्हा ‘संशोधन’ हा शब्द लाजून जिन्याने वर पळतो. प्लेट वाचायची, जंतू ओळखायचा, त्याला कुठलं औषध लागू पडतं ते पाहायचं, की पुढची नळी.

तरीही मंडळाच्या गणपतीत कुणी माझी ओळख ‘शास्त्रज्ञ’ अशी करून दिली, की मी मान किंचित खाली घालून हसते. ते हसू आरशासमोर बसवलेलं आहे. एकच सल आहे. प्रयोगशाळेतला पांढरा कोट दाराबाहेर नेता येत नाही आणि मोबाईल दाराच्या आत नेता येत नाही, त्यामुळे माझा कोटातला एकही फोटो नाही. आईने हॉलमध्ये पदवीदानाच्या काळ्या झग्यातला लावलाय. येणारा-जाणारा मला वकील समजतो.

भारतातून पाहुणे आले, की मी त्यांना पॅडिंग्टनला सेंट मेरीज हॉस्पिटलच्या भिंतीखाली उभं करते आणि वर बोट दाखवते. इथेच १९२८ च्या सप्टेंबरात पेनिसिलिनवाला फ्लेमिंग सुट्टीवरून परतला आणि त्याला बुरशी धरलेली ती प्लेट दिसली. हे मी अशा सुरात सांगते, की जणू त्या दिवशी शेजारच्या टेबलावर मीच होते. पाहुणे म्हणतात, ‘म्हणजे वेळच्या वेळी भांडी न घासण्याचा फायदा.’

पण माझी खरी भक्ती फ्लेमिंगवर नाही, फॅनी हेसेबाईंवर आहे. त्यांचा विषय कुणी काढत नाही, म्हणून मीच काढते. १८८१ च्या सुमाराला बर्लिनमध्ये रॉबर्ट कॉख जंतू वाढवायला जिलेटिन वापरत होता. उन्हाळा आला की ते पातळ व्हायचं, आणि काही जंतू तर त्याच्यावरच ताव मारून त्याचं पाणी करून टाकायचे. त्याच्याकडे काम करणारा डॉक्टर वाल्टर हेसे या प्रकाराला वैतागला. घरी बायकोच्या जेल्या मात्र भर उन्हाळ्यात ताठ! त्याने कारण विचारलं, तर बाई म्हणाल्या, अगर घालते. जावाहून आलेल्या डच ओळखीच्यांकडून त्या हे शिकल्या होत्या. अगर म्हणजे आपलं चायना ग्रास, आई ज्याचं गुलाबी पुडिंग करायची ते. एकदा थिजलं की ८५ अंशांच्या आसपास जाईपर्यंत हलत नाही. ३७ अंशांच्या पेटीत रात्रभर ठेवा, ढिम्म. आणि बहुतेक जंतूंना ते खाताच येत नाही. कॉखने १८८२ च्या क्षयावरच्या निबंधात अगरचा उल्लेख केला, हेसेबाईंचा नाही. पुढे १८८७ मध्ये त्याच्याच हाताखालच्या पेट्रीने काचेच्या एका ताटलीवर जराशी मोठी ताटली पालथी घातली आणि तो अजरामर झाला. झाकण ठेवणाऱ्याचं नाव जगभर, आणि पदार्थ सुचवणारीचं कुठेच नाही. लग्नाच्या पंगतीत तरी आचाऱ्याला कोण विचारतं म्हणा! मी पेट्री डिशला मनातल्या मनात हेसे डिश म्हणते. इंग्रज सहकाऱ्यांना हे सांगितलं, तर ते ‘लव्हली’ म्हणतात. म्हणजे पटलेलं नसतं.

असो. तर काका.

काका ठाण्याहून आले, ते सर्दी घेऊनच. डॉक्टरांनी सांगितलं, पॅरासिटामॉल घ्या, गरम पाणी प्या, पडून राहा. काका बाहेर येऊन म्हणाले, ‘एवढ्या अकलेवर दीडशे वर्षं राज्य केलं यांनी?’ आणि बॅगेतून अँटिबायोटिकच्या तीन गोळ्यांची पट्टी काढली. कोपऱ्यावरच्या केमिस्टने येताना दिलेली. मी म्हटलं, ‘काका, सर्दी विषाणूची असते, ही गोळी विषाणूला लागूच पडत नाही. आणि चिठ्ठीशिवाय ती देणं आपल्याकडेही कायद्यात बसत नाही.’ काका म्हणाले, ‘तू काय डॉक्टर आहेस?’

हेच काका पायावरच्या पुरळाचा फोटो पाठवतात, तेव्हा वर लिहितात, ‘तू डॉक्टरच की!’

फ्लेमिंगला हे काका ठाऊक होते. १९४५ च्या डिसेंबरात नोबेलच्या व्याख्यानात त्याने एक गोष्ट रचून सांगितली. एका गृहस्थाचा घसा दुखतो. तो पेनिसिलिन विकत आणतो आणि अपुरं घेतो. जंतू मरत नाहीत, उलट औषधाला सरावतात. मग तेच जंतू बायकोला लागतात, तिला न्यूमोनिया होतो, पेनिसिलिन चालत नाही आणि ती जाते. दोष कुणाचा? त्या गृहस्थाचा, असं फ्लेमिंगने सरळ सांगून टाकलं. मी ही गोष्ट जेवताना सांगितली. काकू वरण वाढता वाढता थांबल्या आणि त्यांनी काकांकडे निरखून पाहिलं. काका म्हणाले, ‘मी पूर्ण तीन घेतो.’

२०१० मध्ये एनडीएम-१ चं प्रकरण गाजलं, तेव्हा आपण सगळे भडकलो होतो. स्वीडनमधला मूळ भारतीय रुग्ण, दिल्लीत इस्पितळात राहून गेलेला. त्याच्या जंतूत शेवटच्या फळीतली कार्बापेनेम औषधंसुद्धा निकामी करणारं एन्झाइम सापडलं आणि त्याला नवी दिल्लीचं नाव दिलं गेलं. मंडळात वडा खाता खाता प्रत्येकाने मला नावाबद्दल विचारलं. माझाही अभिमान दुखावला होता, मीही तावातावाने बोलले. ते एन्झाइम करतं काय, हे एकानेही विचारलं नाही.

काय करतं, ते मी पाहते. प्लेटवर जंतूंचा पातळ थर पसरायचा, वर औषधांच्या पांढऱ्या टिकल्या ठेवायच्या. सकाळी प्रत्येक टिकलीभोवती स्वच्छ, गोल कडं दिसलं, की ते औषध चालतं. मागे एका प्लेटवर कडंच नव्हतं. प्रत्येक टिकलीला जंतू चिकटून वाढलेले, सायीसारखे. अर्जावर नुकत्याच केलेल्या भारत प्रवासाची नोंद होती, आणि जन्मसाल माझ्या आईचं. आमच्या डॉक्टरांनी वॉर्डला फोन लावला, मी शेजारी उभी होते. पलीकडून कुणीतरी एकेक औषधाचं नाव घेत होतं आणि हे प्रत्येकाला ‘नाही’ म्हणत होते. शेवटी एक उरलं, मूत्रपिंडांना जड जाणारं. पुढे काय झालं ते आम्हाला कळत नाही. आमच्याकडे नळी येते, माणूस येत नाही.

त्या संध्याकाळी मी काकांना फोन केला आणि बरंच बोलले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. ‘दमलेली दिसतेस. घसा बसलाय. काही घेतलंस का?’ म्हणाले.

तर यंदा उन्हाळ्यात लंडनला येणाऱ्यांनो, भाजणी आणा, गोडा मसाला आणा, चायना ग्रास तर नक्की आणा. केमिस्टकडची ती पट्टी मात्र आणू नका. सर्दी झालीच, तर माझ्याकडे या. गरम पाणी मी देते.