हजारी पाच

सिल्वासाच्या कॉलेजात प्राध्यापक शोधायला गेलात तर तो वर्गात सापडेल, स्टाफरूममध्ये सापडेल, नाहीतर वापी रोडच्या ट्रॅफिकमध्ये. ग्रंथपाल एकाच जागी सापडतो, आणि तिथे तो एकटाच असतो. फिजिक्सवाल्याला भांडायला फिजिक्सचेच आणखी दोघे-तिघे असतात. ग्रंथपालाच्या वाट्याला एक शिपाई, आणि तोही बहुधा प्राचार्यांनी बोलावून नेलेला. या एकटेपणातूनच आसपासच्या ग्रंथपालांचा वाचन-चर्चा गट जन्माला येतो, आणि गट म्हटला की संयोजक आलाच.

हा संयोजक मूळचा जळगावकडचा. नोकरीपायी दमणगंगेकाठी आला आणि इथलाच झाला. गटात त्याला सगळे 'सर' म्हणतात. कॉलेजात त्याला 'लायब्ररीवाले' म्हणतात.

एकटेपणाचं दुःख सर पहिल्याच भेटीत रंगनाथन यांच्यापर्यंत नेऊन भिडवतात. गणित शिकवणारे रंगनाथन १९२४ साली मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि काही आठवड्यांतच इतके कंटाळले, की मला परत शिकवायला पाठवा म्हणून वरिष्ठांकडे गेले. वरिष्ठांनी त्यांना लंडनला अभ्यासाला धाडलं, आणि त्यातून आपल्याला पुढे ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मिळाले. "मला कोणी वापीलासुद्धा धाडलं नाही," एवढं सर शेवटी जोडतात.

गटाचा नियम साधा: महिन्याला एक लेख, सगळ्यांनी वाचून यायचं. पीडीएफ पंधरा दिवस आधी व्हॉट्सॲपवर पडते आणि तिच्याखाली भराभर अंगठे उमटतात. अंगठा ही फक्त पोच. वाचनाशी त्याचा संबंध लावू नये. सर स्वतः मात्र लेखाची प्रिंट काढतात, टाचतात आणि शिक्का घेऊन बसतात. शिक्का शाईच्या पॅडवर दोनदा दाबायचा, रद्दी कागदावर एकदा उठवून बघायचा, मग पहिल्या पानावर, मग शेवटच्या, आणि मग गुप्त पानावर. चोराने पहिलं पान फाडलं तरी मालकी सिद्ध व्हावी म्हणून प्रत्येक ग्रंथालयाचं एक पान ठरलेलं असतं. लेख नऊच पानांचा असला तरी त्यातलं एक गुप्त असतंच.

शनिवारी दुपारी बैठक भरते. लेखात काय आहे हा मुद्दा सहसा निघत नाही, कारण त्याआधी लेख ठेवायचा कुठे हा मुद्दा निघतो. ड्यूईच्या वर्गीकरण पद्धतीने ०२० की ०२५? यावर चहा येईपर्यंतचा वेळ सहज निघतो. खमण आलं की चर्चा भाषांवर घसरते. ड्यूईच्या क्रमात मराठी साहित्य ८९१.४६ आणि गुजराती ८९१.४७. बाहेर हे गाव कोणाच्या भाषेचं यावर लोक हमरीतुमरीवर येतात. फळीवर दोघी शेजारणी. वारली पुस्तक आलं तर कुठे ठेवायचं, यासाठी सरांनी एक बैठक राखून ठेवली आहे. ती बरीच वर्षं राखलेलीच आहे.

ऑगस्टमध्ये सरांना बहर येतो. २ ऑगस्टला, १९५४ साली, सिल्वासा पोर्तुगिजांच्या हातून सुटलं. १२ ऑगस्टला रंगनाथन यांची जयंती. मधल्या दिवसांत सरांचं ग्रंथप्रदर्शन. मुक्तिलढ्यात सुधीर फडके होते हे ते दर वर्षी सांगतात, आणि पोरं दर वर्षी "कोण?" विचारतात.

नियतकालिकांची 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' ही सरकारी योजना आली तेव्हा गटाने दोन बैठका खर्ची घातल्या. तीस प्रकाशक, जवळपास तेरा हजार नियतकालिकं, तीन वर्षांचे सहा हजार कोटी. आकडे सगळ्यांना पाठ. तेरा हजारांतलं एक उघडून बघू, असं कोणी म्हणालं नाही. वाचनकक्षात अजून झटापट होते ती नोकरीच्या जाहिरातींच्या पानासाठी.

पण खरी चर्चा, डोळ्यांत चमक आणणारी, सुरू होते ती सरकारी वित्तीय नियमावलीतल्या २१५व्या नियमावर. वर्षभरात दिलेल्या किंवा चाळलेल्या दर हजार पुस्तकांमागे पाच हरवली, तर ते नुकसान रास्त धरता येतं. मात्र त्यात अप्रामाणिकपणा किंवा हलगर्जी नसावी. सर हा नियम आरतीसारखा म्हणतात, आणि 'चाळलेल्या'वर जोर देतात. "टेबलावर पडलेलं प्रत्येक पुस्तक मोजा. कोणी वाचलं की नाही, विचारू नका. आकडा वाढला की पाचाचे सहा होतात."

एकदा दमणच्या मॅडम म्हणाल्या, "सर, पुस्तक चोरीला गेलं म्हणजे कोणाला तरी ते हवं होतं ना? आमच्याकडे वर्षानुवर्षं एकही हरवलेलं नाही. मला लाज वाटते." सर गप्प झाले. इतिवृत्तात त्यांनी लिहिलं : 'साठा पडताळणीवर उपयुक्त विचारविनिमय.'

स्वतः सर काय वाचतात, असं विचारू नये. पुस्तकाची आवृत्ती, किंमत, कमिशन, कपाट आणि खण ते झोपेतही सांगतात. आतली गोष्ट सोडून सगळं. ते ज्या खुर्चीवर बसतात तिथून वाचायला फुरसत मिळत नाही, हे मी प्रत्यक्ष बघितलं आहे. पान उघडलं की कोणीतरी नो-ड्यूजचा कागद पुढे करतं.

तेव्हा वाचकहो, कॉलेजच्या दिवसांतलं एखादं शिक्क्याचं पुस्तक तुमच्या माळ्यावर असेल, तर नेऊन द्या. किंमत हजार रुपयांच्या वर असेल तर लवकर द्या, त्याची चौकशी नियमाने टळत नाही. दंडाचं तेवढं सांगता येत नाही. तो विषय पुढच्या बैठकीत घेतला जाईल.