धुकं नसलेला चिखलदरा

चैत्र लागला की राज्याच्या तापमानाच्या यादीत अकोला वरच्या ओळीत झळकू लागतं. अकोलेकर घाम पुसतो, पण आकडा सांगताना त्याचा आवाज किंचित चढतो. अमरावतीकराला याची थोडी असूयाच वाटते. गच्चीवर कुरड्या वाळत असतात, कुलरला वाळ्याच्या ताट्या बसलेल्या असतात आणि घरातले मामाजी काश्मीरच्या गोष्टी करत असतात. रेल्वेचं आरक्षण अर्थातच मिळत नाही. मग कोणीतरी भीत भीत चिखलदऱ्याचं नाव काढतं.

"बाप्पा! एप्रिलात? काय ठेवलं हाय तिथं? पानी पडू दे, मंग जाऊ."

वऱ्हाडाचा हा ठाम समज. जुलै-ऑगस्टच्या रविवारी अर्धी अमरावती घाट चढते आणि पुढच्या गाडीचा मागचा दिवा पाहून परत येते. देवी पॉइंटला धुकं, मोझरी पॉइंटला धुकं, पंचबोलला त्याहून दाट. फोटोत मागे नुसता पांढरा रंग आणि पुढे मक्याचं कणीस. दरी किती खोल आहे हे ज्याला पाहायचं असेल त्याने चैत्रातच जावं. त्या वेळी तिला झाकायला धुकं नसतं आणि कठड्याशी उभं राहायला जागा असते.

हिशेबही सोपा आहे. चिखलदरा समुद्रसपाटीपासून सुमारे ११०० मीटरवर, अमरावती साडेतीनशेच्या आसपास. हजार मीटर चढलं की पारा साधारण साडेसहा अंश उतरतो. म्हणजे परतवाड्यावरून ऐंशीएक किलोमीटर गेल्यावर पदरात पाच अंश पडतात.

"पाच डिग्रीसाठी एवढं पेट्रोल? कुलर काय वाईट हाय?" मामाजी विचारतात. प्रश्न रास्त आहे. फक्त कुलरमधून सातपुडा दिसत नाही.

डिकीत रोडगे असतात, पण घरूनच भाजून आणलेले. वऱ्हाडी माणसाला झाड दिसलं की खाली गोवऱ्या पेटवून रोडगे लावावेसे वाटतात. जंगलात मात्र १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा हंगाम, त्यामुळे काडी ओढायचीही चोरी. धामणगाव गढी मागे पडलं की घाट सुरू होतो. साग पार नागडा झालेला, पळसाचा भर ओसरलेला, मधेच एखादा बहावा पिवळाधमक लोंबत असलेला. मोहाच्या फुलांचा सडा पहाटे पडतो आणि कोरकू बायका टोपल्या घेऊन उजाडायच्या आत तिथे हजर असतात. अस्वलालाही मोह तितकाच प्रिय असल्याने या वेचणीत पाळी कोणाची, याला महत्त्व येतं. मामाजी हे ऐकून काच वर करतात.

ओक्याबोक्या सागाचा एक फायदा असा की फांदीवरचं पाखरू लपत नाही. मेळघाट हा १९७३-७४ सालच्या पहिल्या नऊ व्याघ्रप्रकल्पांपैकी एक, म्हणून गाडीतला प्रत्येकजण वाघाच्या नावाने डोळे फाडून बसलेला असतो. खरा नवलाचा प्राणी वीतभर आहे: रानपिंगळा. १८८४ नंतर शतकभर कोणालाच न दिसल्याने तो नामशेष झाला असं धरलं गेलं होतं. १९९७ मध्ये शहाद्याजवळ तो पुन्हा सापडला आणि मेळघाटातही त्याची चांगली वस्ती निघाली. घुबडाच्या जातीचा असून तो दिवसा जागा असतो. भर दुपारी सगळं वऱ्हाड कुलरसमोर घोरत असताना हा गडी सागावर ताठ बसून सरडे शोधतो.

गाविलगडावर मामाजी सावली शोधतात. तिथे ती इतिहासासारखीच तुकड्यातुकड्यांनी मिळते. १५ डिसेंबर १८०३ रोजी आर्थर वेलस्लीच्या फौजेने हा किल्ला घेतला. दक्षिणेचा कडा अवघड म्हणून स्टीव्हन्सनच्या पलटणीने जड तोफा डोंगरातून, रस्ता करत करत, उत्तरेच्या अंगाला ओढत नेल्या. दोनच दिवसांनी, १७ डिसेंबरला, नागपूरकर भोसल्यांनी देवगावचा तह केला. वेलस्ली पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन होऊन नेपोलियनशी लढला. गड चढायला त्याने डिसेंबर निवडला, यावरूनच माणूस हुशार होता हे मामाजींना पटतं.

"तोफा वर नेल्या? अन् आपली गाडी दुसऱ्या गिअरात बोंबलते!"

पंचबोलला एका हाकेची पाच उत्तरं येतात, अशी ख्याती. मामाजी दरीकडे तोंड करून "काऊन बेऽऽ" अशी आरोळी ठोकतात. दरीही तितक्याच उर्मटपणे उलट विचारते. मामी म्हणतात, घरात असं उलट उत्तर दिलं असतं तर दोन दिवस अबोला चालला असता. इथे मात्र मामाजी खूश होऊन पुन्हा पुन्हा ओरडतात.

अकोलेकरांना एवढी वळणंही नकोत. त्यांचा नरनाळा अकोट तालुक्यात, शहानूरच्या माथ्यावर. १४८७ सालचा कोरीव महाकाली दरवाजा आणि नऊगजी तोफ पाहून उन्हं डोक्यावर यायच्या आत उतरता येतं. अमरावतीकर यावर म्हणतो, "अन् कॉफी?" कारण विदर्भात कॉफी पिकते ती चिखलदऱ्यातच.

उतरताना गवळ्याकडून खवा घेतला जातो. घाट संपेपर्यंत पाचही अंश गाडीत परत चढतात आणि मामी खव्याचा डबा मांडीवरून पायाशी, पायाशीचा सीटखाली हलवत राहतात. परतवाडा येतं तेव्हा मामाजी निकाल देतात, "घरी नेऊन खराब करण्यापरीस इथंच खाऊन घेऊ." मामींनी तोवर झाकण काढलेलं असतं.