नळदुर्गचा टेलर साहेब

— काय करायलाव वहिनी, दुपारपासून सूप खाली ठेवलं न्हाई?

— काय सांगू अण्णा, बाजारातनं ज्वारी आणली, त्यात खडेच खडे. रात्री भाकरी खाताना ह्यांची दाढ करकरली. माणसाला लाज म्हणून राहिली न्हाई बगा.

— हे आजचं नाही. दोनशे वर्षांपूर्वी तुळजापुरात यात्रेकरूंच्या पिठात वाळू घालायचे. एका गोऱ्या पोरानं त्यांना सरळ केलं. मेडोज टेलर.

— आपल्या किल्ल्यात राहायचा त्यो साहेब?

— तोच. पण किल्ल्यात आला तो नंतर. जन्म १८०८ चा, लिव्हरपूलचा. पंधरा वर्षांचं पोरगं मुंबईला व्यापाऱ्याच्या पेढीवर धाडलं, तर पेढीच बुडायच्या बेतात. ओळखीपाळखीनं निजामाच्या फौजेत चिकटला. तुळजापूरकडची पोलिसाची कामगिरी मिळाली तेव्हा मिसरूड नुकतं फुटलं असेल. दुकानदारांना बोलावलं आणि प्रत्येकाला अर्धा शेर पीठ तोलायला लावलं. एकानं विचारलं, यात्रेकरूंसाठी का? हा म्हणतो, तुम्हीच खायचं!

— आणि खाल्लं?

— दंड भरतो म्हणाले, ह्यानं ऐकलं नाही. काहींनी खरंच बकाणे भरले. दाताखाली वाळू वाजतेय आणि भोवतीचे लोक हसून हसून बेजार. शेवटी लोटांगणं घातली, तेव्हा देवीची शपथ घ्यायला लावून सोडलं. आत्मचरित्रात त्यानंच लिहिलंय, तेव्हा थोडा तिखटमसाला त्याच्या पदरचा धरा.

— बायको मडमच आसंल?

— अर्धीमुर्धी. हैदराबादच्या विल्यम पामरची मुलगी. पामर म्हणजे खुद्द निजामाला कर्ज देणारा सावकार, आणि पामरची आई मुसलमान बेगम.

— अगं बाई! म्हंजी मडमेची आजी बेगम. उगंच न्हाई इथं रुळला.

— आता पुढचं ऐका. इंग्रजी फौजेच्या खर्चापायी निजामाकडे देणं थकलं. १८५३ च्या तहात वऱ्हाड, रायचूर दोआब आणि आपला नळदुर्ग-धाराशिवचा मुलूख इंग्रजांच्या कारभाराखाली गेला. गहाणच म्हणा की. आणि त्या गहाण जिल्ह्यावर साहेब कोण, तर सावकाराचा जावई!

— सासऱ्यानं लावली व्हय वर्णी?

— नाही हो. पामरची पेढी केव्हाच बुडाली होती. ह्याला नेमला तो शोरापूरच्या कामावरून. शोरापूर आता कर्नाटकात, यादगीर जिल्ह्यात. राजा लेकरू, राणी ईश्वरम्मा भारी हट्टी, आणि हा तिथं इंग्रजांचा पोलिटिकल एजंट. दहा-बारा वर्षं दरबार सांभाळला. लहानगा राजा ह्याला अप्पा म्हणायचा.

— गोडच की.

— पुढं गोड नाही. १८५८ मध्ये तोच राजा इंग्रजांवर उठला, पकडला गेला. फाशी टळली, कैद झाली. नेताना वाटेतच पिस्तुलाची गोळी लागून गेला. चोविसाव्या वर्षी घात आहे असं त्याच्या पत्रिकेत होतं, आणि ते टेलरला आधीच ठाऊक होतं. अप्पा म्हणणारं पोर आपल्याच सरकारच्या कैदेत संपलेलं बघायचं, ह्याला म्हणतात साहेबाची नोकरी.

— पुस्तकंबी लिव्हली म्हणं त्यानं?

— ठगाच्या जबानीची कादंबरी १८३९ ची, विलायतेत फार गाजली. आपल्या कामाची म्हणजे १८६३ ची ‘तारा’. तुळजापूरच्या शास्त्र्याची बालविधवा लेक तारा, आणि शेवटी तिचं लग्न कुणाशी लावलं? अफजलखानाच्या पोराशी!

— काय बाई तरी! आपल्या तुळजापूरची पोरगी खानाच्या घरात? ह्येला दुसरं स्थळ मिळालं न्हाई?

— घरात आजेसासूच बेगम, त्याला त्यात वावगं काय वाटणार?

— मग माणूस चांगला म्हणायचा का वाईट, त्ये सांगा.

— कामाचा होता. लोकांची भाषा शिकला, गाऱ्हाणी ऐकून घेतली. असे साहेब थोडे. पण मुलूख कर्जापायी घेतलेला, तेव्हा सारावसुली चुकणार होती थोडीच! १८५७ च्या गडबडीत त्याला वऱ्हाडात हलवलं, १८६० मध्ये जिल्हा निजामाला परत मिळाला आणि त्याच साली हा विलायतेला गेला.

— आन् नळदुर्गचं जिल्ह्याचं ठिकाण त्यानंच घालवलं म्हणतात त्ये?

— साफ खोटं. साहेब गेल्यावरही चाळीसेक वर्षं जिल्ह्याच्या कचेऱ्या इथंच होत्या. धाराशिवला गेल्या त्या १९०४ च्या सुमारास, निजामाच्या अमलात. त्याचा राग टेलरवर काढू नका.